आधी शिवी, मग फोन

लासलगावात मी अठ्ठावीस वर्षं केबल चालवतो. बाहेरच्या माणसाला आमचं गाव म्हणजे कांदा, एवढंच ठाऊक असतं. ते खोटं नाही. सकाळच्या लिलावात क्विंटलमागे दोनशे रुपये उतरले की संध्याकाळी माझी वसुलीही उतरते. "पुढच्या आठवड्यात ये भो, आज काही खरं नाही." मी मान डोलावतो आणि पुढच्या दाराला जातो.

पण पैसे न देणारा माणूससुद्धा मत देतोच. तेही मालिकांवर. केबलवाला म्हणजे जणू मुंबईच्या स्टुडिओतला वसुली अधिकारी, आणि याला सांगितलं की उद्यापासून कथानक बदलणार! जुनी मालिका नव्याने आली तर विचारूच नका. गल्लीत दोन तट पडतात आणि दोन्हीकडचं ऐकायला मी एकटाच असतो.

माझ्याकडे एक तक्रारवही आहे. कोणाचा फोन आला, किती वाजता, कोणत्या लाइनवरून. धंद्यासाठी ठेवली होती, पण इतक्या वर्षांनी चाळायला लागलो तर दारात दिलेली मतं आणि वहीतले फोन यांचा मेळच बसेना. त्यातून जे उमगलं ते लिहितो.

१. जो जास्त शिव्या देतो, त्याचाच फोन आधी येतो.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार. रात्री दहाला 'सीआयडी' परत येणार होती. १९९८ साली सुरू झालेली ही मालिका वीस वर्षं चालली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात १,५४७ भाग करून थांबली. सहा वर्षांनी तेच एसीपी प्रद्युम्न, तोच दया, तोच अभिजीत. फक्त जाहिरातीत अभिजीत दयावर गोळी झाडताना दिसत होता.

स्टेशन रोडच्या हार्डवेअरवाल्या काकांना ते पाहून झोप लागेना. महिनाभर ते गिऱ्हाइकाला खिळे मोजून देतादेता हाच विषय काढत. "वीस वर्षं एका गाडीत बसून खुनी पकडले यांनी. आता एकमेकांवरच गोळ्या झाडू राहिले? जुन्याची माती केली. माझ्या घरात हे लागणार नाही, लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवलं.

त्या रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी मक्याच्या चाऱ्याची उंच भरलेली एक ट्रॉली आली आणि कोपऱ्यावरची आमची वायर घेऊन पुढे गेली. सत्तर-ऐंशी घरं अंधारात. म्हणजे दिवे होते, चित्र गेलं. वहीत पहिला फोन दहा-सातचा आहे. हार्डवेअरवाले काका.

"अरे, चित्र गेलं!"

"काका, तुम्ही बघणार नव्हता ना?"

"मी कुठं बघतोय? तुझी काकू बघू राहिली."

मागून काकूंचा आवाज आला, "मी तर झोपले होते!"

शिडीवर उभा राहून मी वायर जोडत होतो तेव्हा काकांचे आणखी दोन फोन आले. ज्या घरांनी नव्या पर्वाचं कौतुक केलं होतं, त्यांतल्या एकाचाही नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की लाइन गेली होती.

२. जुनं जसंच्या तसं आलं तर भांडण होत नाही.

मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदीत दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. नाशिक जिल्ह्यातला करोनाचा पहिला रुग्ण त्याच दिवसांत आमच्याच परिसरात सापडला होता. माणूस माणसाला दारात उभं करत नव्हता. आम्हा केबलवाल्यांना अत्यावश्यक सेवेत धरलं होतं म्हणून फिरता यायचं, पण बिल मागायची हिंमत होत नसे. लोक खिडकीतूनच बोलत.

त्या महिन्यात एकाही खिडकीतून मला 'रामायणा'बद्दल वाकडा शब्द ऐकू आला नाही. तेच १९८७ चे बाण, हवेत एकमेकांवर आपटून विझणारे. तेच पुठ्ठ्याचे मुकुट. नातवंडं हसली तर आजी डोळे वटारायच्या आणि नातवंडंही गप्प बसून पुढचा भाग बघायची.

याउलट २००८ साली एका वाहिनीने 'रामायण' नव्याने केलं तेव्हाचं मला आठवतं. राम तरुण, देखणा, चित्रण झकपक. तरी दारोदारी एकच वाक्य: "हा राम शोभत नाही." का शोभत नाही विचारलं तर उत्तर नाही. तो जुन्या 'रामायणा'तला अरुण गोविल नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

३. मेलेला माणूस परत आणायचा असेल तर आधी आजीला समजवा.

'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये झी मराठीवर आलं. कोकणातलं आकेरी गाव, नाईकांचा वाडा, रात्री साडेदहाची वेळ, मालवणी बोली. आमच्या निफाड तालुक्यात मालवणी कोणाला कळते? पण गावात पोरं एकमेकांना मालिकेतल्या पांडूसारखं बोलून दाखवायची. सुरुवातीलाच घरातले कर्ते अण्णा नाईक जातात आणि मग वाड्यात एकेक सुरू होतं. ते पर्व संपलं. शेवट लोकांना पटला नाही. चर्चा झाली, विसरले.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, तर त्यात अण्णा जिवंत! अण्णा झालेले माधव अभ्यंकर धोतर सावरत अंगणात उभे. वसुलीला गेलो तर विंचूर रोडच्या एका आजींनी मला ओसरीवर बसवून घेतलं.

"हा तर गेला होता ना रे?"

"आजी, ही आधीची गोष्ट आहे. तो मरायच्या आधीची."

"मग आधी का नाही दाखवली?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मोठमोठ्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली असतील, पण आजींनी एका वाक्यात सगळ्या मागे जाणाऱ्या कथांची गोम सांगितली. ज्याचा शेवट माहीत आहे त्याची भीती कशी वाटायची?

आणि तरी वाटली. त्याचं कारण शेवंता. पहिल्या पर्वात वाडा घाबरवायचा, दुसऱ्यात माणसं घाबरवू लागली: अण्णांची हाव, त्यांच्या बायकोचं, माईंचं, गप्प राहणं, शेवंताचं त्या घरात शिरणं. अपूर्वा नेमळेकरने ती शेवंता अशी उभी केली की गावातल्या बायका तिला शिव्या देतादेता तिच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. पहिल्या पर्वाचे निष्ठावंत मात्र हटून बसले. "भुताची मालिका होती, भानगडीची करून टाकली," असं आमच्या इथल्या एका गुरुजींचं मत. चुकीचं नव्हतं ते. पण माझ्या मते दुसरंच पर्व सरस होतं. भुताला काय, कधीही आणता येतं. अण्णासारखा माणूस लिहायला हात लागतो.

आता गंमत. नेमक्या त्याच दिवसांत, १ फेब्रुवारी २०१९ पासून, दूरसंचार नियामक ट्रायचा वाहिन्यांबद्दलचा नवा नियम आला. तोवर सगळ्या वाहिन्या एका थाळीत वाढलेल्या असत. आता शंभर फुकट वाहिन्यांचे करासकट १५३ रुपये आणि बाकी ज्याला जे हवं त्याने खूण करून मागायचं, प्रत्येकाची किंमत वेगळी. झी मराठीचे महिन्याला १९ रुपये, वर कर. मी छापील कागद घेऊन घरोघर हिंडलो. लोक एकेका रुपयाला अडले. बातम्यांच्या वाहिन्या खोडल्या, सिनेमाच्या खोडल्या. लग्न ठरवताना होणार नाही एवढी घासाघीस.

मनात म्हटलं, आज खरी परीक्षा. आवड-नावड तोंडाने सांगणं वेगळं आणि १९ रुपये देऊन सांगणं वेगळं.

गुरुजींनी चष्मा लावला. यादी वरून खाली वाचली. पेन काढलं. झी मराठीसमोर खूण केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकोला 'चला हवा येऊ द्या' लागतं." रात्री पावणेअकराचे त्यांचे फोन माझ्या वहीत आहेत. त्या वेळी हवा येऊ द्या नसायचं.

४. चेहरा बदलला की घर फुटतं.

कथा बदला, गाव बदला, लोक महिनाभरात रुळतात. चेहरा बदलायचा नाही. 'रात्रीस खेळ चाले'चं तिसरं पर्व २०२१ च्या मार्चात आलं, निर्बंधांमुळे चित्रीकरण थांबलं, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. हे सगळं लोकांनी सोसलं. पण अपूर्वा नेमळेकर बाहेर पडली, तिच्या जागी कृतिका तुळसकर आली, आणि एकाच घरात सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. सासू म्हणे ही शेवंता नाहीच. सून म्हणे भूत झाल्यावर चेहरा बदलणारच की. (या सुनेला मी मनातल्या मनात नमस्कार केला. लेखकाला सुचलं नसतं.)

'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं, २०२४ मध्ये थांबलं, २०२५ च्या जुलैत परत आलं ते आधीच्या सूत्रसंचालकाशिवाय, निलेश साबळेशिवाय. नवा सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकर, आमच्या नाशिकचाच. तरीसुद्धा जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवून अर्धं गाव नाक मुरडत होतं. यावर अधिक लिहीत नाही. विनोदी कार्यक्रमाला माणूस ज्याच्या आवाजाने हसायला शिकला, तोच आवाज त्याला लागतो. एवढंच.

पण 'सीआयडी'तल्या प्रद्युम्नचं प्रकरण वेगळंच. २०२५ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाहिनीने जाहीर केलं की एसीपी प्रद्युम्न गेले. नवा एसीपी म्हणून पार्थ समथान. आमच्याकडे दिवस कसले होते बघा. कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून उठलेलं, उन्हाळ कांद्याची आवक वाढू लागलेली, आणि शुल्क गेलं तरी भाव का चढत नाही यावर बाजार आवारात सगळ्यांची तोंडं सुरू. त्या गर्दीत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला एक शेतकरी मला हाक मारतो. वाटलं, सेट टॉप बॉक्स बिघडला असेल.

"केबलवाले, साटमांना मारलं म्हणे?"

"साटमांना नाही हो, प्रद्युम्नला."

"एकच ना ते. अठ्ठ्याण्णवपासून बघू राहिलो. त्या नवीन पोराला कोण सलाम करणार?"

शेजारच्या ट्रॅक्टरवरचा त्याहून तरुण होता. तो म्हणाला, "म्हातारा माणूस कुठवर पळणार खुन्यांमागे? नवीन येऊ द्या ना." झालं. लिलावाची बोली जवळ येईपर्यंत दोघं भांडले. व्यापारी आला, वक्कल बघितलं, भाव पुकारला, आणि दोघांनी एकदमच एकाच सुरात शिवी हासडली, पण ती भावाला.

प्रद्युम्नचं काम करणारे साटम मूळचे बँकेत नोकरी करणारे, मग नाटक, मग सिनेमा. 'वास्तव'मधला बाप, 'दे धक्का'मधला आजोबा. पण प्रद्युम्नच्या हवेत फिरणाऱ्या बोटांपुढे बाकी सगळं पुसलं गेलं. पुढे ते मालिकेत परतले तेव्हा तो शेतकरी पुन्हा भेटला. आनंद झाला असेल म्हणून विचारलं, तर म्हणतो, "हे बरं नाही केलं. एकदा मेला म्हणजे मेला. आम्ही घरात वाईट वाटून घेतलं होतं ना!"

५. फ्रेडीबद्दल कोणी भांडलं नाही.

'सीआयडी'त फ्रेडीचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. वर्षभराने मालिका परत आली तेव्हा ती जागा रिकामी होती. सगळ्यांनाच ते माहीत होतं. नव्या पर्वाच्या दोन्ही बाजूंचे लोक फ्रेडीचं नाव आलं की थांबायचे. एका किराणा दुकानात तर भांडण रंगात आलेलं आणि कोणीतरी म्हणालं, "आज फ्रेडी असता तर..." पुढे कोणी बोललं नाही. मी साबण घेऊन निघालो.

६. एकाच मालिकेचे दोन गिऱ्हाईक असतात. दोघांना एका ताटात वाढता येत नाही.

हे मला उशिरा कळलं, माझ्या पुतण्यामुळे. तो एकोणीस वर्षांचा. मालिका बंद पडली तेव्हा लहान होता. 'सीआयडी' त्याने पाहिली ती मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी: दया दरवाजा तोडतो, डॉक्टर साळुंखे परीक्षानळीत काहीतरी टाकतात आणि रंग बदलला की खुनी ठरतो. पोरं लोळून हसतात. चेष्टा करतात, पण जीवही लावतात.

हार्डवेअरवाले काका त्याच दरवाजाला कधी हसले नाहीत. त्यांच्यासाठी तो खराखुरा दरवाजा होता आणि पलीकडे खरंच खुनी होता.

आता करणाऱ्यांनी काय करावं? नव्या पर्वात मालिका गंभीर केली, दोस्तांत वैर घातलं, बार्बोसासारखा खलनायक आणला. हसणाऱ्या पोरांना मजा येईना, कारण हसण्यासारखं कमी झालं. काकांना दुखलं, कारण दया-अभिजीतची जोडी तुटली. म्हणजे एका दगडात दोन्ही पक्षी उडाले. पण जुन्या चालीवर केली असती तर काका म्हणाले असते, "तेच तेच दाखवू राहिले," आणि पोरांनी दोन तुकडे पाहून बाकीचं सोडून दिलं असतं. बनवणाऱ्यांची मला दया येते. (इन्स्पेक्टर दया नव्हे.)

पुतण्या एक मात्र बरोबर बोलला. "काका, जुनी बघताना तिला माहीत नव्हतं की ती विनोदी आहे. नवीनला माहीत आहे." मी हे वाक्य वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

७. मी निःपक्षपाती नाही.

सांगूनच टाकतो. मी जुन्याच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण मालिका नाही, जनरेटर आहे.

२००४ ची दिवाळी तोंडावर होती. 'सीआयडी'चा १११ मिनिटांचा एक भाग लागणार होता, सलग एकाच शॉटमध्ये घेतलेला. मध्ये कुठे कॅमेरा थांबलेला नाही. पुढे त्याची विक्रमात नोंद झाली. मला तेव्हा शॉट म्हणजे काय, हेही नीट कळत नव्हतं, पण दिवसभर गावात तीच चर्चा. सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील आणि गावची वीज गेली.

माझ्या कंट्रोल रूमला जनरेटर होता. खोली दहा बाय दहाची, त्यात यंत्रांचं कपाट आणि चित्र तपासायला ठेवलेला चौदा इंची टीव्ही. आधी शेजारचे दोघं आले. मग पाच. मग कोणीतरी ओरडलं, "केबलवाल्याकडे चालू आहे!" बाया पोरं काखोटीला मारून आल्या. खोलीत वीस, दारात दहा, खिडकीला लटकलेले वेगळे. आतल्याने पाहायचं आणि बाहेरच्यांना ओरडून सांगायचं: "आता जिन्यावर गेले! अभिजीत मागं फिरला!" रॉकेल संपत आलं तेव्हा एकाने घरातला स्टोव्हचा डबा आणून ओतला. शेवटी खुनी कोण निघाला ते मला आज आठवत नाही. बाहेरच्या निम्म्या लोकांना तर चुकीचंच नाव कळलं होतं, आणि ते दोन दिवस त्यावर भांडत होते.

नव्या पर्वात मी ती खोली शोधतो. ती मालिकेत कुठून असणार? आता तिथे फायबरचा एक डबा आणि पंखा आहे. पण हे सगळं ठाऊक असूनही कोणी विचारलं की मी छातीठोकपणे सांगतो, "जुनी ती जुनी, नवीन काही खरं नाही." आणि नवीन लागायची तेव्हा शनिवारी रात्री दहाला टीव्हीसमोर असायचो. माझ्या घरची लाइन गेली असती तर मी कोणाला फोन केला असता, एवढाच प्रश्न.

८. गप्प घराची काळजी करा.

केबलवाल्याला शिवीची भीती नसते. जे घर कधीच फोन करत नाही, त्याची असते. गेल्या पावसाळ्यात वही चाळताना एक नाव दिसेना. रेल्वेतून निवृत्त झालेले एक बाबा, स्टेशनच्या पलीकडे राहतात. कधीकाळी माझे सगळ्यात खट गिऱ्हाईक. अण्णा नाईक परत आले तेव्हा ते तासभर माझ्याशी भांडले होते, शेवंता बदलली तेव्हा फोनवर. दीड वर्षात त्यांचा एकही फोन नव्हता. मुलगा परस्पर मोबाइलवरून पैसे भरत होता, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी गेलो. बाबा अंगणात लिंबाखाली खाटेवर. हातात मोबाइल, पितळी तांब्याला टेकवून उभा केलेला. टीव्ही आत होता, त्यावर कापड टाकलेलं.

"बाबा, लाइन बरी आहे ना?"

"असेल."

"'सीआयडी' परत आली, बघता का?"

"परत आली म्हणजे? गेली कधी होती?" त्यांनी मोबाइल माझ्याकडे वळवला. जुना भाग. पडद्यावर तरुण दया, काळ्या केसांचे प्रद्युम्न, आणि मागे फ्रेडी काहीतरी वेंधळेपणा करतोय. "रोज दोन बघतो. नातीने शिकवलं. अजून निम्मेसुद्धा झाले नाहीत."

मी त्यांना नव्या पर्वाचं सांगायला लागलो. गोळी, वैर, प्रद्युम्नचं मरण, परत येणं. ते ऐकत होते, पण डोळे मोबाइलवर. ना राग, ना उत्सुकता. पूर्वीचे बाबा असते तर माझी गचांडी धरली असती.

"तो आतला डबा काढून नेतो का? धूळ बसू राहिली त्याच्यावर," ते म्हणाले.

मी म्हटलं, नेतो, पण आज पाना आणलेला नाही. सेट टॉप बॉक्स काढायला पाना लागत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. उठायला लागलो तर त्यांनी खाटेवर हात आपटून जागा दाखवली.

"थांब जरा. दार तोडायचं राहिलंय अजून."

मी बसलो.